अकेडियन मूळपुरुषापर्यंत वंशावळ कशी न्यावी: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कॅनडातील न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया किंवा अमेरिकेतील लुईझियाना येथे लब्लाँ, बुद्रो, एबेर, कोमो, ब्रुसार अशी आडनावे असलेली माणसे भेटतात. ती बहुधा अकेडियन असतात, म्हणजे सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन अकेडियात, आजच्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरातील फ्रेंच वसाहतीत, वसलेल्या लोकांचे वंशज. अशा घरात लेक दिलेली असते, किंवा अशा घरातून सून आलेली असते, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवावी असे कुणालातरी वाटते. काम आनंदाने सुरू होते, पण ते बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून. आडनाव घेऊन थेट सतराव्या शतकातील शिरगणती उघडली जाते, त्या आडनावाचा पहिला माणूस मूळपुरुष ठरतो आणि मग तिथून खाली आजच्या घरापर्यंत वाट जोडली जाते. ही वाट मधे, म्हणजे ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना हाकलले त्या १७५५ ते १७६३ या हद्दपारीच्या काळात, जवळजवळ नेहमी तुटते आणि तुटलेली जागा अंदाजाने भरली जाते. या लेखात आजपासून मागे जाणारा क्रम दिला आहे. तो सोडू नये.

पूर्वतयारी

पहिली तयारी आडनावांच्या लेखनाची. शोध रोमन अक्षरांत करावा लागतो आणि फ्रेंचमध्ये शेवटचा ‘ओ’ हा एकच उच्चार अनेक प्रकारे लिहिला जातो. कुणी ओ-टी लिहितो, कुणी ई-ए-यू, लुईझियानात त्यालाच एक्स जोडतात, तर काही आडनावांत ए-यू-डी किंवा ए-यू-एल-टी असते. बुद्रो, तेरियो, रोबिशो ही आडनावे या सर्व रूपांनी तपासावी लागतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी कानाला ऐकू आले तसे लिहिले, स्पॅनिश पाद्रींनी पिएरचा पेद्रो आणि जाँचा हुआन केला आणि काही लब्लाँ कुटुंबांनी पुढे आडनावाचे भाषांतर करून ‘व्हाइट’ लावले. एका कागदावर आपल्या घराण्याच्या आडनावाची सगळी रूपे लिहून तो कागद शेवटपर्यंत समोर ठेवावा.

दुसरी तयारी फ्रेंच नोंदींतील मोजक्या शब्दांची. ‘फिस् द’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘फीय् द’ म्हणजे अमक्याची मुलगी. आईबापांच्या नावापूर्वी एफ-ई-यू ही तीन अक्षरे आली तर ती व्यक्ती नोंदीच्या दिवशी हयात नव्हती असे समजावे. मात्र ती अक्षरे नाहीत म्हणून व्यक्ती हयातच होती, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण पाद्री ती लिहायला विसरत. ‘दी’ हा शब्द आडनावानंतर येतो आणि त्यापुढे त्या माणसाचे रूढ टोपणनाव असते. जोसेफ ब्रुसार ‘दी बोसोलेय’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पुढच्या पिढीत कधी कधी हेच टोपणनाव आडनाव म्हणून उरते.

इशारा. ‘बो-पेर’ या एकाच शब्दाचा अर्थ सासरा असाही होतो आणि सावत्र बाप असाही. मी स्वतः एका कामात तो सासरा धरला आणि एका मुलाला भलत्याच घराण्यात घातले. चूक लक्षात येईपर्यंत त्याच्या खालच्या दोन पिढ्या लिहून झाल्या होत्या आणि त्या सगळ्या पुसाव्या लागल्या.

तिसरी तयारी तारखांची. जुन्या नोंदींत महिन्याचे नाव अंकाने आखडलेले असते. ७ हा अंक आणि त्यापुढे बी-आर-ई ही अक्षरे दिसली तर तो जुलै नसून सप्टेंबर असतो, कारण सप्टेंबर या नावातच लॅटिन ‘सात’ आहे. त्याच न्यायाने ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर. फ्रेंच पाद्री आजचेच ग्रेगोरियन पंचांग पाळत होते, पण इंग्रजांनी ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या अठराव्या शतकातील इंग्रजी कागदांतील तारीख ११ दिवसांनी मागे असते आणि इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी-फेब्रुवारीतील घटनेचे सालही एकने कमी दिसू शकते.

टप्पा १ : आजपासून १८०० पर्यंत, एकही पिढी न गाळता

सुरुवात घरातील हयात ज्येष्ठांपासून करावी. त्यांचे जन्म आणि विवाह यांचे दाखले, मग त्यांच्या आईबापांचे, मग आजी-आजोबांचे, असे एकेक पाऊल मागे जावे. प्रत्येक पावलाला एकच प्रश्न विचारावा: हा माणूस याच आईबापांचा मुलगा आहे, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर कॅथलिक विवाहनोंद देते, कारण तिच्यात वर आणि वधू या दोघांच्याही आईबापांची नावे बहुधा असतात. त्यामुळे जन्मनोंद सापडेपर्यंत थांबून न राहता विवाहनोंदींची साखळी आधी पूर्ण करावी आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी नंतर भराव्यात.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक फार मोठी सोय मिळते आणि ती लक्षात न आल्याने बहुतेक जण ती वाया घालवतात. फ्रेंच नोंदींत स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कायम राहते. शिरगणतीत, बाप्तिस्म्यात, दफनातसुद्धा ती वडिलांच्याच आडनावाने येते. पिएर लब्लाँ नावाचे पाच पुरुष एकाच गावात असतील, पण मारी-जोसेफ बूर हिच्याशी लग्न झालेला पिएर लब्लाँ बहुधा एकच असेल. म्हणून शोधपत्रकावर माणसाचे नाव एकटे कधीही लिहू नये. नवरा-बायकोची जोडी लिहावी आणि शोधही जोडीने घ्यावा.

अकेडियन गावांत तोंडी ओळखीसाठी ‘पिएर आ जाँ आ पोल’ अशी साखळी म्हणण्याची रीत होती आणि अजूनही आहे: पोलचा जाँ, त्याचा पिएर. नावापुढे वडिलांचे नाव लावणाऱ्या आपल्या लोकांना ती लगेच कळते. घरातील वृद्धांकडून अशी साखळी मिळाली तर ती ऐकली तशीच, क्रम न बदलता, लिहून घ्यावी. ती पुरावा ठरत नाही, पण कागद शोधायची दिशा दाखवते.

पडताळणी. १८०० च्या आसपास पोहोचल्यावर आपले कुटुंब नेमके कुठे होते ते एका वाक्यात लिहिता आले पाहिजे: नोव्हा स्कोशियातील बे सेंत-मारी, न्यू ब्रन्सविकमधील मेमरामकुक, क्वेबेकमधील एखादे पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतील भाग), लुईझियाना किंवा फ्रान्स. हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

याच ठिकाणी आणखी एक शंका तपासून घ्यावी. उत्तर अमेरिकेतील प्रत्येक लब्लाँ किंवा मार्तें अकेडियन नसतो. हीच आडनावे घेऊन फ्रान्समधून थेट क्वेबेकला आलेली, अकेडियाशी काहीही संबंध नसलेली घराणीही आहेत.

टप्पा २ : हद्दपारीची दरी ओलांडणे, १७५५ ते १७८५

सगळ्या कामातील हा सर्वांत कठीण भाग आहे आणि एकूण वेळेपैकी अर्धा वेळ इथे गेला तरी तो योग्यच गेला असे समजावे. १७५५ च्या शरद ऋतूत ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना जहाजांत भरून मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या वसाहतींत नेऊन सोडले. व्हर्जिनियाने त्यांना स्वीकारले नाही आणि त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. १७५८ मध्ये ईल सें-जाँ, म्हणजे आजचे प्रिन्स एडवर्ड आयलंड, रिकामे करून तिथल्या लोकांना फ्रान्सकडे धाडण्यात आले आणि त्यांतील ‘ड्यूक विल्यम’ व ‘व्हायोलेट’ ही जहाजे शेकडो माणसांसह बुडाली. घरे विभागली गेली, नवरा एका वसाहतीत आणि बायको दुसऱ्या, असेही झाले. त्यामुळे सगळे भाऊ एकत्रच राहिले असतील असे इथे गृहीत धरता येत नाही.

आधी आपल्या कुटुंबाच्या १८०० मधील ठिकाणावरून मागची वाट ठरवावी.

लुईझियाना असेल तर दोन मुख्य लाटा तपासाव्यात. पहिली १७६४ नंतरची. तिच्यात ब्रुसार बंधूंसोबत आलेला आणि अटाकापा भागात, आजच्या सेंट मार्टिनव्हिलच्या परिसरात, वसलेला गट आणि पुढे मेरीलँडहून आलेली कुटुंबे होती. दुसरी १७८५ ची. त्या वर्षी फ्रान्सहून सात जहाजांनी सुमारे १६०० माणसे आली आणि त्या जहाजांच्या याद्या कुटुंबवार उपलब्ध आहेत.

क्वेबेक असेल तर मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या याद्या पाहाव्यात. १७६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तह झाल्यावर अनेक वसाहतींतील अकेडियन लोकांनी फ्रान्सला जाण्याची विनंती करताना आपल्या कुटुंबांच्या याद्या दिल्या होत्या आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १७६६ मध्ये कॅनडाला जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी झाली. यादीत सामान्यतः कुटुंबप्रमुखाचे नाव आणि माणसांची संख्या एवढेच असते, म्हणून ही संख्या आपल्या कुटुंबाच्या रचनेशी जुळते का हे मोजून पाहावे.

फ्रान्सला गेलेल्या कुटुंबांसाठी एक असाधारण साधन आहे. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळील बेल-ईल-आं-मेर या बेटावर १७६५ मध्ये ७८ अकेडियन कुटुंबे वसवण्यात आली आणि १७६७ मध्ये त्यांच्या कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपापली वंशावळ मूळपुरुषापर्यंत सांगून नोंदवली. हरवलेल्या नोंदवह्यांची जागा काही प्रमाणात या जबान्या भरून काढतात. पण त्या आठवणीतून सांगितलेल्या आहेत. आजोबांपर्यंतचा भाग बहुधा भरवशाचा असतो. त्यामागे ‘बायकोसह फ्रान्सहून आला’ अशी साचेबंद वाक्ये येतात आणि ती कित्येकदा चुकीची ठरली आहेत.

इशारा. हद्दपारीत पाद्री नव्हते. जोडप्यांनी साक्षीदारांसमोर लग्ने केली आणि पुढे क्वेबेकला किंवा अन्यत्र पाद्री भेटल्यावर त्या लग्नांना चर्चची मान्यता घेतली. मुलांचे बाप्तिस्मेही वर्षानुवर्षे उशिरा, कधी चार-पाच भावंडांचे एकाच दिवशी झाले. अशा नोंदीतील तारीख लग्नाची किंवा जन्माची तारीख म्हणून उतरवून घेतली तर आईचे लग्न मुलांच्या जन्मानंतर दिसते, आणि मग शोधणारा नसलेली पहिली बायको किंवा नसलेला सावत्र बाप निर्माण करतो. नोंदीचा पूर्ण मजकूर वाचावा. वय आणि आधीच्या विवाहाचा उल्लेख तिथेच असतो.

टप्पा ३ : १७५५ पूर्वीच्या नोंदवह्या

आता प्रश्न असतो तो गावाचा. पोर्ट रॉयल, म्हणजे आजचे अनापोलिस रॉयल, येथील सें-जाँ-बातिस्त पॅरिशच्या १७०२ ते १७५५ या काळातील नोंदवह्या टिकल्या आहेत आणि नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराने त्यांच्या पानांची छायाचित्रे संकेतस्थळावर सर्वांना मोफत दिली आहेत. ग्राँ-प्रे येथील सें-शार्ल पॅरिशच्या १७०७ ते १७४८ या काळातील वह्या, मधल्या खंडांसह, हद्दपार झालेल्या लोकांबरोबर लुईझियानात पोहोचल्या आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात आहेत. बोबासँच्या नोंदी तुकड्या-तुकड्यांनी उरल्या आहेत. पिसिगित, कोबेकिद आणि रिव्हिएर-ओ-कनार येथील वह्या मात्र गेल्या.

त्यामुळे पिसिगितच्या कुटुंबाची जन्मनोंद मिळत नाही म्हणून पोर्ट रॉयलमधील त्याच नावाच्या मुलाची नोंद उचलून चिकटवणे, ही या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक आहे. कागद नष्ट झालेल्या गावांसाठी बाजूने जावे लागते. १७५५ पूर्वीच बरीच कुटुंबे ईल सें-जाँला निघून गेली होती आणि १७५२ मध्ये ला रोक या अधिकाऱ्याने ईल रॉयाल (आजचे केप ब्रेटन बेट) व ईल सें-जाँ येथे केलेल्या शिरगणतीत माणसांची नावे, वये आणि मूळ ठिकाणे दिली आहेत. भावंडांपैकी एखाद्याचे लग्न वही टिकलेल्या गावात झाले असेल, तर तिथे आईबापांची नावे मिळतात.

*नातेसंबंधाची सूट वाचणे*

या समाजात घराणी थोडी आणि लग्ने आपापसांत, त्यामुळे कॅथलिक चर्चच्या नियमानुसार जवळच्या नात्यातील विवाहासाठी सूट घ्यावी लागे आणि ती विवाहनोंदीत लिहिली जाई. हरवलेल्या वह्यांवर एवढा चांगला उतारा दुसरा नाही, म्हणून हे मोजमाप नीट समजून घ्यावे. सामाईक पूर्वजापासून प्रत्येक बाजूने पिढ्या मोजायच्या. सख्खी भावंडे पहिल्या श्रेणीत येतात. आजी-आजोबा एक असतील तर दुसरी श्रेणी, पणजोबा-पणजी एक असतील तर तिसरी आणि खापरपणजोबा-खापरपणजी एक असतील तर चौथी. ‘तीन ते चार’ असे लिहिले असेल तर एकाचे पणजोबा तेच दुसऱ्याचे खापरपणजोबा.

समजा, वराचे आठही पणजोबा-पणजी माहीत आहेत आणि वधूच्या वडिलांचे आईबाप अज्ञात आहेत. नोंदीत तिसऱ्या श्रेणीची सूट आहे. वधूच्या आईकडून असे नाते निघत नसेल, तर ते तिच्या वडिलांकडूनच असले पाहिजे. म्हणजे वराच्या पणजोबा-पणजींच्या चार जोड्यांपैकी एका जोडीचे मूल हे वधूच्या वडिलांचा बाप किंवा आई ठरते. दोन-तीन भावंडांच्या लग्नांतील सुटी अशा पडताळल्या की बहुतेक वेळा एकच पर्याय उरतो.

पडताळणी. वधू किंवा वर विधुर वा विधवा असेल तर सूट पहिल्या जोडीदाराच्या नात्यामुळेही घ्यावी लागलेली असू शकते. रक्ताचे नाते की लग्नाचे, हे नोंदीत वेगवेगळ्या शब्दांनी येते. तो शब्द वाचल्याशिवाय पिढ्या मोजू नयेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीतील धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे, यांची नावेही उतरवून घ्यावीत. पहिल्या मुलांना बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी हेच धर्मपालक असत.

टप्पा ४ : शिरगणत्या, १७१४ पासून १६७१ पर्यंत

शिरगणत्याही मागूनच वाचाव्यात: १७१४, १७०७, १७०३, १७०१, १६९८, १६९३, १६८६, १६७८ आणि शेवटी १६७१. सर्वांत सारखा मजकूर नाही. १७०३ आणि १७०७ मध्ये कुटुंबप्रमुखाखाली मुलांची नावे नसून संख्या आहेत, तर १६७१, १६८६ आणि १६९३ मध्ये नावे आणि वये मिळतात. प्रत्येक कुटुंबासाठी एक तक्ता करावा. आडवी शिरगणतीची वर्षे, उभी माणसांची नावे आणि चौकटीत वय. पंधरा वर्षांच्या अंतराने वय पंधरानेच वाढेल असे नाही. तीन-चार वर्षांचा फरक सर्वत्र दिसतो.

१६७१ ची शिरगणती पाद्री लोराँ मोलें यांनी पोर्ट रॉयलमध्ये घरोघरी फिरून केली आणि ती सुमारे ४०० माणसांची आहे. ती वाचताना कागदामागची माणसे दिसतात. पिपे बनवणाऱ्या पिएर लानूने ‘माझी तब्येत बरी आहे’ एवढे सांगून वय द्यायला नकार दिला. एतिएन रोबिशो घर सोडून निघून गेला आणि गुरे-जमिनीचा हिशेब देणार नाही असा निरोप बायकोकडे ठेवून गेला. अशा कुटुंबाच्या रिकाम्या चौकटी पुढच्या शिरगणतीवरूनच भराव्या लागतात. तिथे अंदाजाचे आकडे घालू नयेत.

याच शिरगणतीतील एक घर नमुन्यासाठी पाहू. गियोम त्राआँ, वय ६०, बायको मादलेन ब्रँ, वय २५, आणि तीन लहान मुलगे. दुसऱ्या घरात शल्यवैद्य जाकोब बुर्ज्वा आणि त्याची बायको जान त्राआँ, वय ४०. जान ही गियोमची मुलगी. ४० वर्षांच्या मुलीची आई २५ वर्षांची असू शकत नाही. ती गियोमच्या पहिल्या बायकोची, फ्राँस्वाज कोर्बिनो हिची लेक. कितीतरी तयार वंशावळींत मोठ्या मुलांना घरातील त्या दिवशीच्या बायकोच्या पोटी घातलेले असते, ते असेच. म्हणून आईचे वय वजा सर्वांत मोठ्या मुलाचे वय हे गणित प्रत्येक घरात करून पाहावे. उत्तर पंधराच्या आत आले तर ती सावत्र आई आहे, किंवा वयांपैकी एक चुकले आहे.

टप्पा ५ : समुद्रापलीकडे जाताना

इथवर आलेल्या वाचकाला फ्रान्समधील गाव हवे असते आणि त्या ओढीने केलेले काम या ठिकाणी बिघडते. फार थोड्या घराण्यांचे मूळ गाव कागदाने सिद्ध झाले आहे. १६३६ मध्ये ला रोशेलहून निघालेल्या ‘सें-जेआँ’ या जहाजाची प्रवासीयादी उरली आहे आणि तिच्यात बायको व दोन मुलांसह गियोम त्राआँ आहे. त्याचे १६२७ मधील लग्न शिनों येथील नोंदवहीत सापडले आहे. यादीतील पिएर मार्तें आणि त्याची बायको कातरिन व्हिन्यो यांचा माग बुर्ग्यएपर्यंत जातो. पण ही भाग्यवान उदाहरणे आहेत.

आडनाव फ्रान्समधल्या अमुक गावातही आढळते, हा पुरावा नाही. मोंक्टन विद्यापीठाच्या अकेडियन अभ्यास केंद्रातील स्टीफन व्हाइट यांनी १६३६ ते १७१४ या काळातील घराण्यांचा कोश १९९९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यात ज्याचे मूळ गाव सिद्ध नाही, त्याचे ते दिलेले नाही. आपली साखळी आधी स्वतः बांधून मग त्या कोशाशी ताडून पाहावी. फरक आढळला तर दोष शोधण्याची सुरुवात आपल्या कागदांपासून करावी.

इशारा : डीएनए चाचणी. आपापसांतील लग्नांमुळे दोन अकेडियन माणसांत जुळणारा डीएनए अपेक्षेपेक्षा जास्त निघतो आणि संगणक दूरच्या नातलगाला जवळचा ठरवतो. त्यामुळे साध्या चाचणीवरून पिढ्यांचे अंतर ठरवू नये. थेट बापाकडून बापाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची आणि थेट आईकडून आईकडे जाणारी चाचणी मात्र नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देते. सुमारे १६४१ मध्ये जन्मलेल्या जेर्में दूसेच्या पुरुषवंशजांची चाचणी झाली, तेव्हा ती रेषा अमेरिकेतील मूळ रहिवाशांची निघाली. म्हणजे ज्या फ्रेंच अधिकाऱ्याचा तो मुलगा मानला जाई, त्याचा तो जन्मदाता मुलगा नव्हता. उलट, रादगोंद लाँबेर ही मिकमॉ या तिथल्या मूळ रहिवासी समाजातील होती असे अनेक वंशावळींत लिहिलेले होते, पण तिच्या स्त्रीवंशाची रेषा युरोपीय निघाली.

टप्पा ६ : अंतिम पत्रक

प्रत्येक विधानाशेजारी त्याचा कागद आणि त्याची प्रत लिहावी: मूळ पानाचे छायाचित्र पाहिले, की कुणी केलेला उतारा, की नुसती सूची. या तिन्हींचे वजन वेगवेगळे आहे. जे अनुमानाने ठरवले, तिथे अनुमानाची कारणे दोन ओळींत द्यावीत, म्हणजे पुढे नवा कागद सापडला तर नातवंडांना ते तपासता येईल.

दानिएल लब्लाँचे पत्रक असे दिसेल. जन्म: सुमारे १६२६, कारण १६७१ च्या शिरगणतीत वय ४५. पत्नी: फ्राँस्वाज गोदे, त्याच शिरगणतीत वय ४८, तिचे हे दुसरे लग्न. मुले: फ्राँस्वाज, वय १८, मार्तें ब्लाँशारची बायको, घरात जाक २०, एतिएन १५, रने १४, आंद्रे १२, आंत्वान ९, पिएर ७. लग्न: जाकच्या वयावरून १६५० च्या सुमारास, नोंद उपलब्ध नाही. आईबाप: अज्ञात. जन्मस्थान: फ्रान्स, गाव अज्ञात. ही शेवटची चौकट भरण्यासाठी बाजारात अनेक गावांची नावे मिळतात. कागद मिळेपर्यंत ती तशीच ठेवावी.